डंबेल एक घ्यावं की दोन? घरी व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी, ठाण्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरून

शाळेत २६ जानेवारीच्या कवायतीला मोठ्या मुलींच्या हातात लेझीम असायची आणि आमच्या हातात डंबेल्स. लाकडी, लाल-पिवळी, एकमेकांवर ठक्कन वाजवायची. एकच डंबेल असेल तर वाजवणार कशावर? त्यामुळे डंबेल म्हणजे जोडी हे डोक्यात पक्कं बसलं होतं. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं, ‘नुसतं चालणं पुरे नाही, स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी करा.’ त्याच संध्याकाळी मी दुकानात गेले आणि जोडी घेऊन आले. ३-३ किलोची, जांभळी, दिसायला गोड. पाचव्या आठवड्यात ती दिवाणाखाली गेली.

झालं असं, की हात बाजूला उचलताना ते ३ किलो जड पडायचे, पाठीच्या व्यायामाला हलके पडायचे आणि बैठका मारताना हातात काही आहे हे पायांना कळायचंसुद्धा नाही. पुढे दिराच्या घरातून एक १० किलोचं डंबेल आलं. त्याची जोडी घर बदलताना कुठेतरी हरवली होती, म्हणून त्याला ते नको होतं. त्या एकट्या डंबेलवर मी चार महिने काढले, आणि शरीरात काय फरक पडायचा तो त्या चार महिन्यांत पडला.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते. सुरुवात एकाच, पण पुरेशा जड आणि वजन बदलता येणाऱ्या डंबेलने करा. दुसरं नंतर घ्या, आणि ते कधी घ्यायचं हे तुमचे पाय सांगतील. मी नौपाड्यात राहते, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घरात व्यायामाला जागा म्हणजे दिवाण आणि टीव्हीच्या मधली. तुमच्याकडे घोडबंदर रोडला सोसायटीची जिम असेल तर यातलं निम्मं वाचलं नाहीत तरी चालेल.

काय काय जवळ ठेवायचं

- झाकण घट्ट लागणारा, धरायला मूठ असलेला तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन
- प्रवासाच्या बॅगा मोजतात तो टांगायचा काटा. नसेल तर बाथरूममधला वजनकाटा
- मोजायची टेप
- एक वही. मोबाईलमध्ये लिहिलेलं मी परत कधी उघडून बघितलं नाही
- जाड रबरी मॅट. योगासनांची पातळ मॅट इथे कामाची नाही
- बीपी, हर्निया, मणक्याचा किंवा खांद्याचा जुना त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा बाळंतपण, यातलं काही असेल तर डॉक्टरांची परवानगी. ‘व्यायाम करू का’ एवढंच विचारू नका. ‘वजन डोक्यावर उचलू का, वाकून उचलू का’ असं विचारा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळतं

१. दुकानात जाण्याआधी घरातच वजन ठरवा

ही पायरी मी गाळली आणि जांभळी जोडी घरी आली.

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. तेलाचा कॅन आधी ३ लिटर भरा, तो एका हातात धरून खांद्यापासून सरळ वर ढकला. १२ वेळा सहज झालं तर ४ लिटर करा. शेवटचे दोन-तीन वेळा जिथे जड जातील, पण पाठ न वाकवता होतील, ते तुमचं खांद्याचं वजन. मग त्याच हिशोबाने ओढण्याचा व्यायाम करून बघा: एक हात खुर्चीवर टेकवायचा, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे खेचायचा. भरलेला कॅनही हलका वाटेल. तसं झालं तर कापडी पिशवीत आटा-तांदूळ भरून ८-१० किलोपर्यंत जा. शेवटी तीच पिशवी छातीशी कवटाळून बैठका मारा.

तीन वेगळे आकडे येतील. माझे आले होते वर ढकलायला ५, ओढायला ९, बैठकांना १२. हे तीन आकडे वहीत लिहिलेत की लक्षात येतं, एकाच ठरावीक वजनाची जोडी या तिघांना पुरी पडूच शकत नाही. खरा घोळ इथे आहे. एक की दोन, हा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

२. एका डंबेलने काय काय होतं

आपल्या तालमीत हा वाद कधी झाला असेल असं मला वाटत नाही. मुद्गल जोडीने फिरवायचे, गदा एकटी. दोन्हींची कामं वेगळी.

पाणीकपातीच्या दिवशी एका हातात भरलेली बादली घेऊन चालताना काय होतं ते आठवा. बादली उजव्या हातात, पण ताण येतो डाव्या कुशीत. शरीर बादलीकडे झुकू पाहतं आणि विरुद्ध बाजूचे पोटाचे, कमरेचे स्नायू त्याला झुकू देत नाहीत. दोन्ही हातांत सारख्या बादल्या घेतल्या की ही ओढाताण थांबते, भार सरळ खाली जातो. एका डंबेलचा व्यायाम म्हणजे एका बादलीचं चालणं. हात-खांद्यासोबत धडाचाही व्यायाम होतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मोकळ्या हाताची. ओढण्याच्या व्यायामात मोकळा हात खुर्चीवर किंवा दिवाणाच्या कडेला टेकतो, त्यामुळे कमरेवरचा भार बराच कमी होतो. दोन्ही हातांत वजन घेऊन तोच व्यायाम करायचा तर सगळं ओझं कमरेनं पेलायचं. कंबर जुनी दुखरी असेल तर हा एकच मुद्दा निर्णय घ्यायला पुरेसा आहे. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्या एका हाताने दाराची चौकट धरतात आणि दुसऱ्या हातात वजन घेतात. दोन डंबेल्स दिली असती तर मी त्यांना उभं राहून व्यायाम करूच दिला नसता.

तिसरी गोष्ट, डावा-उजवा फरक लपत नाही. माझा उजवा हात ५ किलो दहादा ढकलायचा तेव्हा डावा सातव्यालाच थांबायचा. वर्षानुवर्षं पर्स, पिशव्या, मूल, सगळं एकाच बाजूला घेतलेलं. इथे नियम साधा आहे: सुरुवात कमजोर हाताने करायची आणि त्याने जितके केले तितकेच दुसऱ्या हाताने करायचे. उजव्याला अजून जमत असेल तरी थांबायचं. तीन महिन्यांत माझे दोन्ही हात दहावर आले.

एका डंबेलमध्ये पुढचे सहा व्यायाम नीट बसतात.

गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे डंबेल उभं धरून छातीशी लावायचं आणि बैठक मारायची. वजन पुढे असल्यामुळे पाठ आपोआप ताठ राहते. नवख्यांना बैठक शिकवायला याच्याइतका चांगला व्यायाम मला अजून दिसलेला नाही.

एका हाताची रो, म्हणजे मघाचं खेचणं. कोपर छताकडे नव्हे, कमरेकडे न्यायचं.

एका हाताची शोल्डर प्रेस, म्हणजे मघाचं खांद्यापासून सरळ वर ढकलणं. मोकळ्या हाताची मूठ आवळा, नितंबही आवळा, नाहीतर शरीर बाजूला कलतं. कलायला लागलं की त्या दिवसापुरतं वजन जास्त आहे असं समजा.

जमिनीवर पाठीवर झोपून छातीची प्रेस, म्हणजे वजन छातीजवळून सरळ वर ढकलणं. बेंच नको, कोपर फरशीला टेकलं की थांबायचं. एका हातात वजन असताना शरीर त्या बाजूला गडगडू पाहतं. मोकळा हात आडवा पसरून जमिनीला टेकवा आणि गुडघे दुमडून ठेवा.

रोमानियन डेडलिफ्ट. डंबेलची दोन टोकं दोन्ही हातांनी धरायची, गुडघे जरासे सैल ठेवायचे, नितंब मागे ढकलत वाकायचं. मांडीच्या मागे ताण आला की वर. जमिनीला टेकवायचा हट्ट नको.

आणि बादलीचं चालणं. पॅसेज छोटा असेल तर स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारा. आमच्याकडे एक फेरी ११ पावलांची होते.

३. दोन लागतात ते कुठे

पहिली जागा पायांची. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये काही महिन्यांनी पाय थकायच्या आधी हात थकतात, कारण वजन छातीशी धरून ठेवायचं काम हातांचं. पायांची ताकद उरलेली असते, पण डंबेल धरवत नाही. दोन हातांत दोन डंबेल्स खाली सोडून धरली की वजन वाढवता येतं आणि पाय पुन्हा कामाला लागतात. डेडलिफ्ट आणि लंजेसचंही (एक पाय पुढे टाकून, गुडघे वाकवून खाली जायचं) तेच.

दुसरी जागा छातीची. जमिनीवरच्या प्रेसमध्ये दोन्ही हातांनी एकदम ढकलताना शरीर स्थिर राहतं, त्यामुळे तोल सांभाळण्यात ताकद खर्च होत नाही.

मात्र इथे एक सापळा आहे आणि त्यात मी पडले. एका हाताने ९ किलो सहज ढकलायचे, म्हणून दोन्ही हातांत ९-९ घेतले आणि तिसऱ्याच रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा ढकलताना, अडकले. जमिनीवर पाठीवर, छातीवर १८ किलो, घरात कोणी नाही. दोन्ही हातांची मिळून ताकद ही एकेका हाताच्या बेरजेपेक्षा बऱ्याचदा थोडी कमीच भरते. दोनवर जाल तेव्हा प्रत्येक हातातलं वजन एक पायरी खाली आणूनच सुरुवात करा.

दोन डंबेल्स घेऊन झोपायचं कसं आणि उठायचं कसं हेही शिकावं लागतं. बसून दोन्ही मांड्यांवर उभी ठेवायची, मागे झोपताना गुडघ्यांनी हलकेच ढकलत छातीपर्यंत आणायची. सेट, म्हणजे सलग केलेल्या रेप्सचा एक फेरा, संपला की छातीजवळ आणून, कोपरं टेकवून, एकेक बाजूला ठेवायची. हात पसरून टाकून द्यायची नाहीत, खांदा तिथेच दुखावतो. एक डंबेल असेल तर हा प्रश्न येत नाही, दोन्ही हातांनी उचलायचं आणि दोन्ही हातांनी ठेवायचं. घरात एकटीने व्यायाम करणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावंच.

४. ‘एकाने वेळ दुप्पट लागतो’ हे घड्याळ लावून तपासा

दुकानदारापासून जिमवाल्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगितलं. मी सकाळी ऐरोलीसाठी ७:५०ची ट्रेन पकडते, त्यामुळे पाच मिनिटांचाही हिशोब असतो. शेवटी घड्याळ लावलं.

दोन डंबेल्सनी शोल्डर प्रेसचा एक सेट ४० सेकंद, मग ९० सेकंद विश्रांती. तीन सेट्सचे झाले साडेसहा मिनिटं. एका डंबेलने उजवा ४० सेकंद, डावा ४० सेकंद. डावा काम करत असताना उजव्याची विश्रांती चालूच असते, म्हणून नंतर ६० सेकंद पुरे होतात. तीन सेट्सचे सात मिनिटं. फरक अर्ध्या मिनिटाचा.

दम मात्र जास्त लागतो, कारण हृदयाला मधे थांबायला कमी वेळ मिळतो. पहिले दोन आठवडे धापा टाकल्या. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी विश्रांती कमी करायच्या भानगडीत पडू नये, आणि श्वास रोखून वजन कधीच ढकलू नये. ढकलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा.

५. काय विकत घ्यायचं: रॉड-प्लेटचा हिशोब

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. ठरावीक वजनाची रबरी, षटकोनी टोकांची डंबेल्स: उत्तम, टिकाऊ, पण वजन वाढवायचं तर नवीन घ्या. चकती फिरवून वजन बदलणारी आधुनिक डंबेल्स: छान सुटसुटीत, पण महाग, आणि आतली यंत्रणा आपटणं सहन करत नाही. आणि तिसरा, रॉड, प्लेट्स आणि दोन्ही टोकांना आवळायचे नट. दिसायला सर्वात गावठी. तोच घ्या.

का, ते आकड्यांत बघा. माझ्याकडे दोन छोटे रॉड आहेत, प्रत्येक नटांसकट १.५ किलोचा. प्लेट्स आहेत २.५ किलोच्या ४ आणि १.२५ किलोच्या ४, म्हणजे १५ किलो. सगळ्या प्लेट्स एकाच रॉडवर चढवल्या की एक डंबेल १६.५ किलोचं. दोन रॉडवर सारख्या वाटल्या की ९-९ किलोची जोडी. म्हणजे एक की दोन हे दुकानात ठरवायचं कारणच उरत नाही. सोमवारी एक, गुरुवारी दोन.

एका रॉडवर पायऱ्या मिळतात त्या अशा: ४, ६.५, ९, ११.५, १४ आणि १६.५. दोन रॉडवर जोडीने फक्त ४, ६.५ आणि ९. तेवढ्याच लोखंडात एकट्या डंबेलची झेप जवळजवळ दुप्पट. दीराच्या १० किलोवर माझं जे भागलं त्याचं गणित हेच.

आता सापळे.

४ वरून ६.५ ही उडी कागदावर अडीच किलोची दिसते, पण ती साठ टक्क्यांहून जास्त आहे. खांदा ती घेत नाही. अर्ध्या किलोच्या ४ प्लेट्स वेगळ्या मागून घ्या. दोन लावल्या की ४ चे ५ होतात, चार लावल्या की ६. दुकानदार ‘बाई, अर्ध्या किलोने काय होतंय’ म्हणेल. त्याला बोलू द्या.

प्लास्टिकच्या आवरणात सिमेंटसारखं मिश्रण भरलेल्या प्लेट्स स्वस्त असतात, पण तेवढ्याच वजनाला लोखंडीपेक्षा खूप जाड होतात. चार प्लेट्स एका बाजूला बसतच नाहीत, नटला जागा उरत नाही, आणि ‘२० किलोचा सेट’ एका रॉडवर १० किलोलाच संपतो. आपटल्या की तडा जाऊन आतली भुकटी फरशीवर. लोखंडी किंवा रबर चढवलेल्या लोखंडी घ्या.

प्लेटच्या भोकाचा व्यासही वेगवेगळा येतो, २५, २८, ३० मिलिमीटर असा. नंतर वाढीव प्लेट्स घ्यायला जाल तेव्हा रॉड पिशवीत टाकून न्या. मी टेपने मोजून गेले होते, तरी एकदा परत फिरावं लागलं.

६. दुकानात आणि घरी आणताना

प्लेट्स बहुतेक ठिकाणी किलोच्या भावाने मिळतात, म्हणून सेटची किंमत ऐकून घ्या आणि मग किलोचा भाव विचारा. स्टेशनच्या आसपासच्या दोन-तीन दुकानांत फिरा. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावला खेळाच्या सामानाची दुकानं एकाला लागून एक आहेत, तिथे भावाचा अंदाज येतो. मात्र १५ किलो लोखंड घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढायचा विचार करू नका.

माझं खरं मत विचाराल तर जुनं घ्या. लोखंडाच्या प्लेटला वय नसतं. जानेवारीत उत्साहाने घेतलेलं सामान एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जागा अडते, लवकर न्या’ म्हणून येतं. फक्त रॉडचे आटे बघून घ्या. नट हाताने शेवटपर्यंत गुळगुळीत फिरला पाहिजे. मधेच अडकत किंवा डुगडुगत असेल तर रॉड नवीन घ्या, प्लेट्स जुन्या.

दुकानातच रॉडला १० किलो लावायला सांगा आणि एका हातात धरून उभ्या राहा. मुठीचा खरखरीतपणा तळहाताला टोचता कामा नये, पण घामटलेल्या हातातून सटकताही कामा नये. मूठ जाड असेल तर लहान हातांची पकड आधी सुटते. आणि टांगायचा काटा बाहेर काढा. माझ्या एका ‘५ किलो’वाल्या प्लेटचं वजन चांगलंच कमी भरलं होतं. ती मी परत केली, म्हणून वरच्या यादीत ५ ची प्लेट नाही.

ऑनलाइन मागवणार असाल तर डिलिव्हरीवाल्याला मजला आधी सांगा. माझं खोकं तळमजल्यावर मीटरच्या पेटीखाली ठेवून तो मुलगा गेला. चूक त्याची नाही, तीन मजले कोण चढवेल? मी खोकं तिथेच फोडलं, दोन पिशव्या केल्या, सारख्या वजनाच्या, आणि दोन फेऱ्यांत वर नेलं.

७. घराची तयारी

पंखा. सगळ्यात आधी पंखा. उभं राहून हात डंबेलसकट वर करा, हळूच, पंखा बंद असताना, आणि अंतर बघा. आमच्याकडे चार बोटं उरतात, म्हणून मी शोल्डर प्रेस स्टुलावर बसून करते.

मग फरशी. एकदा सकाळी सव्वासहाला नट सैल झालेला मला कळला नाही आणि २.५ किलोची प्लेट मॅट सोडून थेट टाइलवर पडली. टाइलला चीर गेली. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. “अगं, काय पडलं? कोणी पडलं तर नाही ना?” त्या काळजीने आल्या होत्या, पण दुसऱ्यांदा आल्या असत्या तर काळजीने नसत्या. तेव्हापासून प्रत्येक सेटच्या आधी दोन्ही नट हाताने आवळून बघते. प्लेट्स हलतात, फिरतात, नट आपोआप सैल होत जातो. नटाला आतून रबरी वॉशर असेल तर तो काढून टाकू नका, त्याचं कामच ते आहे.

जिममध्ये जमिनीवर असतात तसल्या रबरी टाइल्स दोन घेतल्या तरी पुरतात. डंबेल नेहमी तिथेच ठेवायचं, त्या चौकोनाच्या बाहेर नाही. रांगतं मूल घरात असेल तर व्यायाम झाल्यावर प्लेट्स काढून ठेवायच्या, लोळणारं डंबेल उघड्यावर नको.

ठाण्याचा पावसाळा लोखंडाला चार महिने छळतो. खाडीकडची ओल, त्यात आपला घाम. व्यायाम झाला की मूठ कोरड्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब आट्यांवर. मुठीला चुकूनही नाही. प्लेट्स बाल्कनीत ठेवू नका, जागा वाचते हे खरं, पण गौरी-गणपतीपर्यंत त्या तांबूस होतात.

८. पहिले आठ आठवडे, एकाच डंबेलवर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितलेला आहे. दोन दिवसांनी सुरुवात करा, जमलं तर तीन. लागोपाठच्या दिवशी नको.

वर सांगितलेले सहाही व्यायाम, प्रत्येकी ८ ते १२ रेप्स. पहिले दोन आठवडे २ सेट्स, मग ३. सेट संपताना अजून दोन जमले असते असं वाटलं पाहिजे. हात थरथरेपर्यंत नेऊ नका, घरात सावरायला कोणी नसतं.

क्रम ठरवताना प्लेट्स बदलायचा त्रास डोळ्यासमोर ठेवा. मी आधी जड डंबेलने स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि चालणं उरकते. मग एकदाच प्लेट्स कमी करून रो आणि छाती, आणि शेवटी खांदा. पूर्ण व्यायामात दोनदाच नट उघडावे लागतात. पुस्तकी क्रम वेगळा असेलही, पण प्रत्येक व्यायामाला नट उघडणारी माणसं दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतात. मी सोडला होता.

वजन कधी वाढवायचं? तिन्ही सेट्समध्ये १२ झाले, दोन दिवस लागोपाठ, की पुढची पायरी. रेप्स ८ वर येतील, परत चढवत न्यायच्या. वहीत तारीख, वजन आणि रेप्स एवढंच लिहा.

स्नायू जड होणं, जिना उतरताना मांड्या कुरकुरणं हे दोन-तीन दिवस चालतं. सांध्यात टोचणारं, एकाच जागी येणारं दुखणं वेगळं. ते आलं की त्या दिवशी तो व्यायाम बंद, आणि आठवडाभर राहिलं तर डॉक्टर.

९. दुसरा रॉड कधी काढायचा

दोन रॉडचा सेट घेतलात तर दुसरा रॉड घरातच असतो, त्याला हात लावायची घाई करू नका. एकच घेतला असेल तर पुढचं झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

गॉब्लेट स्क्वॉट तुमच्याकडच्या सर्वात जड वजनाने १५-१५ चे तीन सेट्स होतायत आणि पायांपेक्षा हात आधी दमतायत. किंवा डेडलिफ्टला मांडीच्या मागे काही जाणवेनासं झालंय. मला इथपर्यंत यायला सात महिने लागले. नुसत्या खांद्यासाठी किंवा दंडासाठी दुसरं घ्यायची गरज मला तेव्हाही पडली नाही, आजही पडत नाही. तिथे कमी असते ती अर्ध्या किलोची प्लेट.

दुसरा रॉड घेताना पहिल्यासारखाच घ्या, त्याच लांबीचा, त्याच व्यासाचा, त्याच वजनाचा. काट्यावर दोन्ही टांगून बघा. प्लेट्सही सोबत वाढवाव्या लागतील, नाहीतर आहे तेच लोखंड दोघांत वाटून दोन्ही हलकी होतात आणि तुम्ही पुन्हा जांभळ्या जोडीवर येता.

ती जोडी अजून आहे आमच्याकडे. त्यातलं एक सासूबाई घेतात, सकाळी चहाच्या आधी, चौकट धरून, दहा-दहा वेळा. दुसरं बाल्कनीच्या दाराला लावलंय, वाऱ्याने आपटू नये म्हणून.